डाक बंगल्याच्या वहीतली नणंद

अनू, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मी खोटं बोलले. अगदी माइक हातात धरून.

वडाळ्याचा तो विहार गच्च भरला होता. पांढऱ्या साड्यांत तुझ्या लेकी-सुना, पुढे सतरंजीवर तू शिकवलेली पोरं (पोरं कसली, टक्कल पडलेले आजोबे), आणि कोपऱ्यात खुर्च्यांवर आपल्या शाळेतल्या उरलेल्या दोघी. कुणीतरी म्हणालं, "मालतीबाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. दोन शब्द बोला." मला दोन शब्द बोला म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. उठले आणि मोटारसायकलची गोष्ट सांगितली. तीच, स्टाफरूममध्ये सांगून सांगून गुळगुळीत झालेली. राधानगरीच्या अलीकडे रस्त्यात काळं धूड उभं दिसलं, मी "गवा! गवा!" म्हणून किंचाळत मागच्या सीटवरून थेट साइडकारमध्ये, तुझ्या मांडीवर पडले, डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला, आणि धुडामागून काठी घेऊन एक बाई आली. "अगं बया, माझ्या म्हशीला बघून का वरडाय लागलीस?" सभा हसली. तुमचे भन्तेजीसुद्धा हसले. मग मी सांगितलं की पुढे आम्ही डाक बंगल्यात राहिलो, राऊ नावाच्या म्हाताऱ्याने सकाळी खरे गवे दाखवले, आणि मी खाली बसले.

हशा पिकला की खाली बसायचं, ही माझी जुनी युक्ती. म्हशीनंतर जे झालं ते तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतले हे जाऊन बावीस वर्षं झाली. आता तू गेलीस. मी गप्प बसले तर ते झालंच नाही असं होईल, म्हणून लिहायला बसले आहे. वयापायी अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय. हसू नकोस.

तेव्हाची मी आठवते का तुला? मला आठवते, आणि आठवली की तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटते. फणसवाडीतली मालती पेडणेकर, लग्नाला वर्ष झालेलं, लालबागच्या म्युनिसिपल शाळेत तिसरी 'अ'ला शिकवायची आणि उरलेल्या वेळात जगाला शिकवायची. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मोर्चा निघाला की मी पहिल्या रांगेत. घोषणा देऊन देऊन माझा घसा असा बसलेला असायचा की वर्गात पाढे खडूने लिहून द्यावे लागत. मधल्या सुट्टीत डबा उघडला की भाषण सुरू. "मराठी बोलणारा तो आपला! तिथे जात नाही की पोटजात नाही!" तू शांतपणे भाकरी मोडत ऐकायचीस. एकदा माझं पूर्ण भाषण ऐकून म्हणालीस, "मालू, पदरावर चटणी सांडली." माझ्यावर आयुष्यात झालेली ती सगळ्यांत नेमकी टीका.

तू तिसरी 'ब'. आपल्या दोन वर्गांच्या मध्ये एक लाकडी पडदा. तुझ्या फळ्यावर रोज एक प्राणी असायचा. राणीच्या बागेत जाऊन पिंजऱ्यासमोर उभी राहून तू वहीत काढायचीस आणि सोमवारी तो फळ्यावर उतरवायचीस. एकदा मला म्हणालीस, "पिंजऱ्यातली सगळी जनावरं बसलेली असतात गं. पोरांना वाटतं, वाघ म्हणजे बसून ठेवायची वस्तू. मला एक तरी मोकळं चालताना बघायचंय."

हे ऐकलं ह्यांनी. गॅरेजात काम करायचे हे, आणि लष्कराच्या लिलावातून आणलेली एक मोडकी मोटारसायकल दोन वर्षं खपून चालती केली होती. बाजूला साइडकार. वाडीतली पोरं तिला होडी म्हणायची. ह्यांनी त्या होडीवर पांढऱ्या रंगाने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' रंगवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या पुढे गव्यांच्या जंगलात जायचं ठरलं, तेव्हा "अनूला घेऊ बरोबर" असं म्हणाले ते हे. मी नव्हे. इतकी वर्षं ते श्रेयही मीच खाल्लं.

तुला न्यायला परळच्या चाळीत आलो तर सगळी चाळ गॅलरीत. तुझे वडील रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, तरी आमच्यासाठी स्वतः केलेला चहा घेऊन खाली उतरले. होडीवरची अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन घरादाराने दीक्षा घेतल्यापासून ते भेटेल त्याला ताठ मानेनं 'जयभीम' घालायचे. ह्यांना म्हणाले, "होऊ दे संयुक्त. फक्त आमची चाळ त्यात धरा म्हणजे झालं." सगळे हसले. मीही हसले. मला तो विनोद वाटला होता.

प्रवासाचं काय सांगू? खंबाटकीत मला दोनदा ओकारी झाली. ह्यांचा खाकी ओव्हरकोट घालून, डोक्याला मफलर आणि डोळ्यांवर गॅरेजातला वेल्डिंगचा चष्मा अशी मी मागे बसलेली. साताऱ्याला एका पोराने मला बघून भोकाड पसरलं. तू होडीत राणीसारखी. मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि खड्डा आला की रेघ कुठल्या कुठे. "माझी सगळी झाडं भाऊजींमुळे वाकडी आली," म्हणायचीस. गावागावांत लोक होडीवरची अक्षरं वाचून चहा पाजायचे, पैसे घ्यायचे नाहीत. मी प्रत्येक टपरीवर भाषण द्यायची. कोल्हापूरच्या पुढे ऊस संपला, डोंगर जवळ आले, गाडीचा आवाज दोन्हीकडच्या झाडीवर आपटून परत येऊ लागला. एक शेकरू भलीमोठी तांबडी शेपटी सोडून फांदीवर पसरलेलं दिसलं तेव्हा तू ह्यांना गाडी बंद करायला लावलीस. पंधरा मिनिटं आपण तिघं रस्त्यात उभे. कुणी बोललं नाही. मीसुद्धा! ती पंधरा मिनिटं मी आजही उशाशी ठेवून झोपते.

मग म्हैस. मग, ऊन उतरायच्या सुमाराला, तो डाक बंगला.

व्हरांड्यात टेबल, टेबलावर वही. स्वयंपाकी आला. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, बोलायला गोड. "साहेब, नावं लिवा. मी पाणी आनतो." हे खाली गाडीचा प्लग काढून साफ करत होते. तू कठड्याला टेकून दरीकडे बघत होतीस. पेन माझ्या हातात. वहीत रकाने होते: नाव, राहणार, धंदा. जातीचा रकाना नव्हता, अनू. तो स्वयंपाकीही काही विचारत नव्हता. तो फक्त तांब्या आणायला आत गेला होता.

मी ह्यांचं लिहिलं, माझं लिहिलं. तुझ्यापाशी पेन थांबलं. 'कांबळे' वाचून हा माळकरी काय करील? तुला पेला वेगळा देईल? जेवायला बाहेर वाढील? मग मी भांडणार. मग तो कोल्हापूरच्या कचेरीला कळवणार, रात्रीची खोली जाणार. हे सगळं नाटक माझ्या डोक्यात एका क्षणात झालं, आणि दुसऱ्या क्षणी माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिलं: 'कु. अनसूया पेडणेकर, नणंद.' वर स्वतःवर खूश. वाटलं, काय शिताफीने मैत्रिणीला वाचवलं!

तू येऊन वाचलंस. एवढंच म्हणालीस, "अक्षर छान आहे."

वहीतली नावं वाचून स्वयंपाक्याने "पेडनेकर मंडळी आल्यात, लाकडं आन" अशी हाक दिली, आणि मग राऊ आला. बंगल्याची झाडलोट, लाकूडफाटा त्याच्याकडे. साठीचा, काटक. लाकडाची मोळी घेऊन पायऱ्यांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मोळी खालच्या पायरीवर ठेवली, दोन पावलं मागे सरला, कमरेत वाकला. तू पुढे झालीस. तू पुढे झालीस तसा तो आणखी मागे गेला. "र्‍हाऊ द्या बाईसाब, म्या ठेवतो. सावली पडंल."

मी तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी चकल्यांचा डबा उघडत होते.

ह्यांनी त्याला गव्यांचं विचारलं. तो लांबूनच सांगू लागला, कुठल्या पाणवठ्यावर येतात, वारा कुठून हवा. मग जरा धीर करून तुलाच म्हणाला, "बाईसाब, तुमी मुंबईच्या न्हवं? माजा भाचा हाय तितं, परळात, गिरनीत. त्यानं पत्र धाडलंय. म्हनतो, मामा, आता आपुन बुद्ध झालो, कुनाम्होरं वाकायचं न्हाई. खरं हाय का वो ते?"

त्याने विचारलं तुला. तू तोंड उघडलंस. आणि मी, चकली हातात धरून, मध्येच बोलले. "हो हो, असं काहीतरी ऐकलंय आम्ही. बरं, पहाटे किती वाजता निघायचं?"

'असं काहीतरी ऐकलंय आम्ही.' तुझ्या वडलांच्या हातचा चहा पिऊन निघालेली मी!

दिवे लागणीला खोलीत आपण दोघीच होतो. मी वाट बघत होते की तू रडशील, म्हणजे मला समजूत घालता येईल. तू रडली नाहीस.

"मालू, मी नणंद ना? मग पाया पड."

"काय गं अनू!"

"नणंदेचा मान असतो. पड पाया."

"हे बघ, मी तुझ्या भल्यासाठी लिहिलं."

"माझ्या भल्यासाठी? त्याने मला पेला वेगळा दिला असता तर तू काय केलं असतंस?"

"भांडले असते! तुला माहीत आहे, मी भांडले असते."

"मग भांडायचा कंटाळा आला म्हणून माझं नाव खाल्लंस." आणि मग हळू म्हणालीस, "माझ्या बापाच्या वयाचा माणूस माझ्यापुढे वाकला गं. माझ्यापुढे. आणि तू मला तोंड उघडू दिलं नाहीस."

मला राग आला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा. मी म्हटलं, "एवढं काय झालं? एका वहीत तर लिहिलंय." हे दारात उभे होते, सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "मालती, आत्ताच्या आत्ता जा आणि खोडून नीट लिही." आणि मी काय म्हणाले आठवतंय? मी म्हणाले, "वहीत खाडाखोड वाईट दिसते." शाळामास्तरीण ना मी. पोरांच्या वह्यांत खाडाखोड दिसली की छडी मारणारी. तुझं नाव एका बाजूला, वहीचं पान दुसऱ्या बाजूला, आणि मी पान निवडलं.

पहाटे जाग आली तर तुझी वळकटी रिकामी. बाहेर धुकं. लाकडाच्या ढिगाऱ्यापाशी तू आणि राऊ उभे होतात. तू बोलत होतीस, तो ऐकत होता. मी पायऱ्या उतरले तसे दोघेही गप्प. जंगलात निघालो तेव्हा तो पुढे, मागे तू, मग हे, शेवटी मी. वाटेत एका ओढ्यापाशी त्याने तुला हात दिला आणि म्हणाला, "पोरी, हिकडनं ये." मग माझ्याकडे वळून, "बाईसाब, जरा सांबाळून."

पोरी. आणि बाईसाब. मी ऐकलं होतं, अनू. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गवे आले तेव्हा धुकं उठत होतं. नऊ होते. काळे, गुळगुळीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. कालच्या म्हशीची शपथ, इतकं देखणं जनावर मी पुन्हा पाहिलं नाही. चालत होते. कुणाला न घाबरता, घाई न करता, गवतातून चालत होते. तुझी वही उघडी होती पण तू काढत नव्हतीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी मूर्खासारखी समजले की ते गव्यांसाठी आहे. असेलही. गव्यांसाठीही असेल.

परतताना फोंड्याच्या घाटाने उतरलो. तू ह्यांच्याशी हसून बोललीस, माझ्याशीही बोललीस. सुट्टी संपली, सोमवारी तुझ्या फळ्यावर गवा होता, आणि तो चालत होता.

भांडण तू पुन्हा काढलं नाहीस. हीच तर शिक्षा होती. तू माझ्या मुलीच्या बारशाला आलीस, ह्यांच्या शेवटच्या आजारात दिवसाआड भाकरी-पिठलं घेऊन परळहून फणसवाडीला आलीस. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या दिवशी आपण दोघी शाळेच्या पटांगणात पोरांना पेढे वाटत होतो. मी स्टाफरूममध्ये म्हशीची गोष्ट सांगायची तेव्हा तूही हसायचीस, पण म्हैस संपली की उठून पाणी प्यायला जायचीस. दर वेळी. मी बघायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सांगायची. का सांगायची? वाटायचं, एवढ्या वेळा हसल्यावर ती उरलेली गोष्ट पुसली जाईल. एवढी अक्कल माझी.

दोन महिन्यांपूर्वी वडाळ्याला तुला बघायला आले होते. तू उशांना टेकून बसलेली, हाताची काडी झालेली. सून होती, बघायला आलेल्या शेजारच्या दोन बायका होत्या. मी घरून ठरवून आले होते. तुझ्याजवळ वाकून म्हटलं, "अनू, त्या वहीचं मला माफ कर गं. आणि राऊला तू काय सांगितलंस ते तरी सांग."

"काय? मोठ्याने बोल. या कानाने ऐकू येत नाही."

खोलीतल्या तिघींनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्याने बोलायचं म्हणजे त्या तिघींना ऐकू जाणार. नव्वदीला टेकलेली बाई मी. मला आता कोण खोलीबाहेर काढणार होतं? कुठल्या स्वयंपाक्याची भीती होती? तरी मी मोठ्याने काय म्हणाले? "चहा घेतलास का, विचारलं!"

तू माझ्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, "घेतला."

तुला ऐकू आलं होतं का गं पहिल्यांदाच?

आता कालचं. सभा संपली, मी दारात चपला शोधत होते. तुझी रोहिणी आली, माझ्या पायात चपला सरकवल्या, आणि खाली वाकूनच म्हणाली, "मावशी, तो राऊ म्हातारा... आई आम्हाला त्याची गोष्ट सांगायची."

माझा हात तिच्या खांद्यावर होता. तो तिथेच राहिला.

"आई म्हणायची, जंगलात एका बंगल्यावर आमचाच एक म्हातारा तिच्यापुढे वाकला. तिचं नाव तिथे दुसरंच लिहिलेलं होतं म्हणून. रात्रभर ती झोपली नाही. पहाटे उठून त्याला आपलं खरं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, चाळीचं सांगितलं. म्हणाली, मामा, भाच्याने लिहिलंय ते खरं आहे. तर तो म्हातारा पायरीवर बसला. सगळ्यांत वरच्या. म्हणाला, 'पोरी, तू बी बस.' मग दोघं बसली धुक्यात, बाकीच्यांची चाहूल लागेपर्यंत. आम्ही लहान होतो तेव्हा रोज तीच गोष्ट मागायचो."

मी विचारलं, "आणि नाव कुणी लिहिलं होतं, ते?"

"ते नाही सांगायची. 'बरोबर एक बाई होती' एवढंच. मी मोठी झाल्यावर खोदून विचारलं, कोण गं ती? तर म्हणाली, 'होती एक. तेव्हा लहान होती.'" रोहिणी उभी राहिली. तुझेच डोळे आहेत तिला. "आज तुम्ही राऊचं नाव घेतलंत, तेव्हा मला कळलं."

माझा हात धरून तिने मला टॅक्सीपर्यंत नेलं, दार लावलं, काचेतून हात केला. मी तेव्हाही कबुली दिली नाही. त्या पोरीसमोरही नाही.

लहान! अगं, तुझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी होते मी.

रात्रभर मी तुझ्याशी भांडले आहे. मी तुझं नाव लपवलं ते माझ्या भीतीपायी. तू माझं लपवलंस ते कशापायी? माया म्हणून? की तुझ्या पोरांच्या गोष्टीत घ्यायच्या लायकीची मी नव्हते म्हणून? माया असेल तर मला ती पेलत नाही, आणि दुसरं असेल तर ते मला कबूल आहे. तू सांगणार नाहीस. जिवंत होतीस तेव्हाही सांगितलं नसतंस. मी ओळखते तुला. पण तुझी ही दया, किंवा जे काही असेल ते, मला आता ठेवून घेता येत नाही. पोरांना अर्धी गोष्ट देऊन गेलीस तू, आणि उरलेली अर्धी माझ्याकडे पडून आहे.

म्हणून हे आपल्या निवृत्त शिक्षकांच्या अंकात छापायला देते आहे. पहिली प्रत रोहिणीला पाठवीन. माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्या कानात म्हणायचं होतं, ती वेळ मी चहावर घालवली. फक्त एवढंच लिहिते, अनसूया कांबळे, की तुझ्या बरोबर जी बाई होती, ती मी.

मालती पेडणेकर
फणसवाडी, गिरगाव